तान्ह्याला ‘ए’चा डोस का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथे इंदूरला, रामबागेत काय नि लोकमान्य नगरात काय, बाळंतिणीकडे गेलं की आजीबाई हे विचारतातच, “सिस्टर, थोरलीला सहा-सहा महिन्यांनी व्हिटॅमिन ‘ए’ पाजता, मग ह्या तान्ह्याला का नाही?”

हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारं. ‘सी’ जास्त झालं तर लघवीवाटे जातं, हे तसं जात नाही. आतड्यातून स्निग्ध कणांबरोबर रक्तात येतं, यकृतात पोहोचतं, आणि तिथल्या खास पेशी ते तेलाच्या थेंबांत साठवतात. मग लागेल तसं यकृत ते एका प्रथिनाच्या हवाली करून बाहेर सोडतं. नवजात बाळाकडे साठा जेमतेम असतो, हे खरं. पण ते वाहून नेणारं प्रथिनही त्याच्याकडे मोठ्यांहून कमीच असतं, मग एकदम मोठा डोस त्याला झेपणार कसा?

बाळाला दिवसाला साधारण ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. प्रयोगांत नवजात बाळांना दिलेला डोस होता ५०,००० युनिटचा, म्हणजे १५,००० मायक्रोग्रॅम. सदतीस दिवसांचं एका घोटात! हरियाणा, घाना आणि टांझानिया मिळून जवळजवळ १ लाख बाळांवर ते करून पाहिलं, पण सरसकट द्यावं असा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०११ मध्येच नवजात बाळांना देऊ नका म्हणून सांगितलं होतं.

एका घरी थोरल्यासाठी आणलेली कॅप्सूल टोचून दहा दिवसांच्या बाळाच्या तोंडात पिळली होती. मी गेले तेव्हा बाळ ओकत होतं. डोक्यावरच्या टाळूवर बोट ठेवलं, एरवी मऊ, सपाट लागणारी ती जागा फुगून वर आली होती. लगेच डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवसांत उतरली, पण ते दोन दिवस त्या आईने डोळ्याला डोळा लावला नाही.

आणि त्याच घरात पहिलं पिवळं दूध ‘जड पडतं’ म्हणून वाटीत पिळून मोरीत ओतलं होतं. अहो, ते पिवळेपण कॅरोटीनचंच! नंतरच्या दुधापेक्षा त्यात ‘ए’ कितीतरी जास्त असतं. शिवाय आईच्या दुधात स्निग्ध पदार्थ पचवणारा पाचकरसही असतो, आणि बाळाचा स्वतःचा अजून पुरेसा तयार नसतो. थोडं थोडं, दिवसातून आठ-दहा वेळा, यकृताला झेपेल तसं पोटात जातं. म्हणून तासाभरात पाजायला घ्या, मध-गुटी काही नको.

‘ए’च्या औषधाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर, १ लाख युनिटचा. कार्डावर ती तारीख आजच लिहून ठेवा.