आमची वाटचाल: आई-वडिलांसाठी केंद्र पाहून देण्याचं काम

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला किंवा वडिलांना ठेवण्यासाठी केंद्र बघायला गेलेलं कुटुंब तिथे साधारण तासभर असतं. त्या तासात ऑफिस, एखादी रिकामी खोली, बाग, देवघर आणि आठवड्याच्या जेवणाचा तक्ता दाखवला जातो. चहा येतो. मग मुलगा किंवा मुलगी अनामत रकमेचा चेक लिहून देते आणि रजा संपली की अमेरिकेला नाहीतर बंगळूरला परत जाते. दिवसाचे उरलेले तेवीस तास तिथे काय चालतं ते बघायचं आणि कुटुंबाला लिहून द्यायचं, हे आमच्या छोट्या कंपनीचं काम. २०१३ पासून पुण्यात करतो आहोत. आता नाशिक, पनवेल, ठाण्यापर्यंतही जातो. आम्ही चौघीजणी आहोत.

मी मूळची नर्स, न्यूरो वॉर्डची सिस्टर इन्चार्ज. डिस्चार्जच्या वेळी नातेवाईक विचारायचे, "सिस्टर, आता घरी सांभाळणं होणार नाही हो. एखादी चांगली जागा सांगा ना." वॉर्डात बाहेरून आलेल्या पेशंटची पाठ आणि टाचा बघितल्या की, तो जिथून आला तिथे त्याला रात्री कुशीवर वळवत होते की नाही, हे मला कळायचं. पण कुणाला जागा सुचवायची तर ती आधी स्वतः बघायला हवी. म्हणून सुट्टीच्या दिवशी बघायला जाऊ लागले. माझी भागीदार समाजकार्य शिकलेली, बोलण्यात माझ्यापेक्षा शांत. ती सोबत आली आणि त्यातूनच कंपनी उभी राहिली.

सगळ्यात आधी आम्ही पैशांचं ठरवलं. फी कुटुंबाकडून घ्यायची, केंद्राकडून एक रुपयाही नाही. आमच्या क्षेत्रात पेशंट पाठवला की पहिल्या महिन्याच्या फीमधला वाटा पाठवणाऱ्याला द्यायची पद्धत आहे. "मॅडम, सगळेच घेतात," असं आम्हाला अगदी सरळ आवाजात सांगितलं गेलं. कमिशन घेतलं असतं तर पहिली काही वर्षं मला रात्रपाळ्या करून ऑफिसचं भाडं भरावं लागलं नसतं. पण ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच्याच मुतारीचा वास अहवालात कसा लिहिणार? या एका निर्णयामुळे आम्ही लहान राहिलो, आणि लोक आमच्याकडे येतात तेही त्याचमुळे.

अमेरिकेत असलेली मुलं पहिल्याच फोनवर विचारतात, "त्या केंद्राचं रेटिंग काय?" तिकडे सरकारच नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं, २००८ पासून. अर्थात तिथेही असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणारी राहायची जागा, त्या ताऱ्यांत येत नाही, त्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, ते मुख्यतः बांधकामाचे: दारं, लिफ्ट, फरशी, रॅम्प. हे हवंच होतं. पण संध्याकाळी कावऱ्याबावऱ्या झालेल्या माणसाशी कुणी कसं बोलावं, हे यात कुठेच येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. इतक्या माणसांचा प्रश्न आणि कुटुंबाच्या हातात माप म्हणून फक्त तो तासभर.

इमारतीचा तक्ता आमच्याकडेही आहे. बाथरूममधल्या दांड्या, जनरेटर, रात्रीचे मंद दिवे, गेटची कडी, जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर. हे एका पानात आटोपतं. उरलेला अहवाल माणसांविषयी असतो. एव्हेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तपासायच्या तीन बाजू मांडल्या: साधनं कोणती आहेत, प्रत्यक्ष काम कसं होतं, आणि त्यातून माणसाचं काय होतं. माझी भागीदार कॉलेजात हे शिकली होती. केंद्राच्या माहितीपत्रकात जवळजवळ सगळं पहिल्या बाजूचं असतं, म्हणून आम्ही वेळ दुसरीवर आणि तिसरीवर घालवतो.

त्यासाठी आम्ही नुसतं बसतो. हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची घ्यायची, दोन-तीन रहिवासी निवडायचे आणि दर पाच मिनिटांनी लिहायचं: आत्ता हे काय करताहेत, चेहरा कसा आहे, कुणी बोललं का, कसं बोललं. ही कल्पना इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या टॉम किटवुड यांच्या कामातून आलेली. त्यांच्या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण असतं. आमचं त्याहून पुष्कळ साधं. मात्र त्यांनी दाखवलेल्या गोष्टी आपल्याकडेही जशाच्या तशा दिसतात. माणूस समोर असताना त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलणं. त्याला झेपणार नाही इतक्या घाईने भरवणं, उठवणं, कपडे बदलणं. सत्तर वर्षांच्या माणसाला "शहाणा ना तू, आ कर" म्हणणं. यात कुणी दुष्ट नसतं. बारा तासांची ड्यूटी आणि एका मावशीकडे दहा माणसं असली की हे होतं.

आमची सगळ्यात महत्त्वाची भेट दिवेलागणीची. पाच वाजल्यापासून अनेक रहिवासी अस्वस्थ होतात. "मला घरी जायचंय," "मुलं शाळेतून आली असतील," असं म्हणत दाराशी येतात. बऱ्याच केंद्रांत आठला पाळी बदलते, म्हणजे दिवसभर थकलेली माणसं ही वेळ निभावत असतात. चांगल्या केंद्रात या वेळी हॉलमधला टीव्ही बंद असतो, दिवे आधीच लागलेले असतात, कुणीतरी शेंगा सोलायला किंवा वाती वळायला घेऊन बसलेलं असतं. दाराशी आलेल्या काकूंना "घरी काय करायचं आहे?" असं विचारलं जातं, आणि त्या स्वयंपाकाचं बोलू लागल्या की बोलत बोलत त्यांना आत आणलं जातं. दुसरीकडे मी साडेसहाला जेवणं उरकून सातला सगळ्यांना पलंगावर झोपवलेलंही पाहिलं आहे. तिथे सकाळचा नाश्ता साडेआठला. मधले तास पोटात काही नाही आणि रात्रभर जाग. तो मजला अगदी शांत होता, आणि कुटुंबाला दुपारच्या भेटीत तो आवडलाही होता.

रात्रीची भेट आम्ही आधी ठरवून पण वेळ न सांगता करतो. एका केंद्रात एक काका रोज पहाटे तीनला उठायचे आणि चपला शोधायचे. आयुष्यभर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडतीवर काम केलेला माणूस; ती त्यांची कामावर जायची वेळ. आधीच्या ठिकाणी त्यासाठी त्यांना झोपेची गोळी चालू होती आणि दिवसभर मान खाली पडलेली असायची. इथे रात्रपाळीच्या मामांनी मुलाला फोन करून एवढंच विचारलं की, वडील पहाटे काय करायचे. मग ते त्यांना चहा द्यायचे, जुनी वही-पेन्सिल समोर ठेवायचे. काका तासभर आकडे लिहून पुन्हा आडवे व्हायचे. आमच्या अहवालात या प्रसंगाला इमारतीच्या तक्त्यापेक्षा जास्त जागा दिली होती.

गोळ्यांविषयी आम्ही फार बारकाईने विचारतो, आणि इथे माझ्यातली सिस्टर जागी होते. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांसारखी मनोविकारावरची औषधं किती जणांना चालू आहेत, कुणी लिहून दिली, शेवटचा आढावा कधी झाला? स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या पिढीच्या औषधांवर २००५ मध्ये आणि जुन्यांवर २००८ मध्ये छापायला लावला. कधीकधी ती द्यावीच लागतात, ते डॉक्टर ठरवतील. पण कालपर्यंत बरा असलेला माणूस आज अचानक आरडाओरडा करू लागला, तर आधी युरिन इन्फेक्शन, सोडियम, बद्धकोष्ठ, दुखणं हे बघायला हवं. ते बघतात का, हे मी मॅनेजरला विचारत नाही, पाळीवरच्या नर्सला विचारते. तिने "आधी युरिनची तपासणी करतो" असं आपणहून म्हटलं की मला हायसं वाटतं.

बांधून ठेवण्याचा प्रश्नही असाच समोरासमोर विचारावा लागतो. खुर्चीचा पट्टा, पलंगाला बांधलेली ओढणी, बाहेरून लावलेली कडी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भानाचे गंभीर बिघाडही येतात. त्या कायद्यानुसार तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून आणि गरजेपुरतंच बांधता येतं. कोंडून ठेवायला तर मनाईच आहे. केंद्राची या कायद्याखाली नोंदणी आहे का, हे आम्ही विचारतो. पुष्कळदा प्रश्न ऐकूनच समोरचा गोंधळतो.

दोन रजिस्टरं आम्ही हमखास मागतो. पहिलं पडण्याचं. "आमच्याकडे कुणी पडतच नाही," असं ऐकलं की मी सावध होते. हिंडता-फिरता ठेवलेली ऐंशीच्या पुढची माणसं अधूनमधून पडतात. कुणीच पडत नसेल तर एकतर त्यांना उठू देत नाहीत किंवा लिहून ठेवत नाहीत. कोण, कुठे, किती वाजता पडलं आणि नंतर काय बदललं, हे लिहिणारं केंद्र मला विश्वासाचं वाटतं, मग आकडा कितीही दिसो. दुसरं रजिस्टर वजनाचं. महिन्याच्या महिन्याला वजन घेतलं जात असेल तर भरवण्याची घाई, कवळी न लावणं, गिळायला होणारा त्रास हे सगळं त्यात उतरतं. वजनाचा कागद सहसा सजवलेला नसतो, कारण तो कुणी मागतच नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट येते, आणि इतक्या वर्षांत माझं त्याबद्दलचं मत पक्कं होत गेलं आहे: मावशी आणि मामा तिथे किती दिवस टिकतात. माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून दर आठवड्याला नवं माणूस येत असेल तर काकांना गार दूध चालत नाही, काकूंना डाव्या कानाने ऐकू येत नाही, अंघोळीआधी पाय दाबले की त्या घाबरत नाहीत, हे माहीत असणार कुणाला? ही माहिती फाइलमध्ये मावत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक मावशीला "इथे कधीपासून?" हे विचारतो आणि मग "या आजींना काय आवडतं?" हे. पगार वेळेवर होतो का, आठवड्याची सुट्टी मिळते का, जेवायला कुठे बसता, हेही विचारतो. मावशींना जेवायला जागा नाही अशा ठिकाणी मी माझ्या आईला ठेवणार नाही, आणि हे मी कुटुंबाला तोंडावर सांगते.

सोलापूरच्या पद्मशाली समाजातल्या एक काकू आठवतात. लग्नानंतरचं सगळं आयुष्य पुण्यात, बोलणं मराठीत. आजार वाढला तशी मराठी विरळ झाली आणि लहानपणची तेलुगू वर आली. मुलांनाच ती धड येत नव्हती. आम्ही पाहिलेल्या तीन केंद्रांपैकी सगळ्यात साध्या केंद्राच्या स्वयंपाकघरात तेलुगू बोलणारी एक बाई होती. आम्ही तेच केंद्र सुचवलं. मुलाला सुरुवातीला ते पटलं नाही. "तिथे एसी नाही," तो म्हणाला. आता तो दर रविवारी तिथे जातो आणि त्या बाईंकडून चार वाक्यं शिकून आईशी बोलतो.

कामात वादही झाले. एका केंद्राने आम्हाला वकिलाची नोटीस पाठवली. अहवालातलं प्रत्येक वाक्य तारीख-वेळेसह आमच्या वहीत होतं, त्यामुळे ते प्रकरण तिथेच थांबलं. तेव्हापासून विशेषणं पूर्ण काढून टाकली आहेत. "अस्वच्छ" असं लिहीत नाही. कोणत्या खोलीत, किती वाजता, काय दिसलं, ते लिहितो. कुटुंबालाही असा अहवाल वाचायला सोपा जातो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि आमचं काम एका दिवसात थांबलं. केंद्रांची दारं बंद, व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यापलीकडे काही दिसेना. त्या काळात घरदार सोडून आत राहिलेल्या मावशी-मामांची नावं आमच्याकडे लिहिलेली आहेत. त्यांतले अनेक अजून त्याच केंद्रांत आहेत, आणि त्या केंद्रांची शिफारस करताना आमचा हात अडखळत नाही.

अलीकडे काही केंद्रंच म्हणतात, आम्हाला तपासा आणि प्रमाणपत्र द्या, पैसे देतो. आम्ही नकार देतो. दर्जा मावशींबरोबर येतो आणि मावशींबरोबर जातो. भिंतीवर लावलेला कागद वर्षभर तिथेच राहील. त्याऐवजी दाखल केल्यानंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा भेट द्यायचं काम आम्ही वाढवलं आहे. आता आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न त्यातूनच येतं.

अनेक घरांना आमची फी परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी आम्ही वापरतो ती प्रश्नावली सोप्या मराठीत दोन पानांत छापून ठेवली आहे. ऑफिसातून फुकट मिळते. ती घेऊन स्वतः जा, शक्यतो संध्याकाळी पाचनंतर. मॅनेजरशी बोलणं झालं की हॉलमध्ये खुर्ची मागून घ्या आणि अर्धा-पाऊण तास बसा. बसू दिलं नाही, तर तेही प्रश्नावलीत लिहा. त्यासाठी पहिल्याच पानावर वर जागा सोडलेली आहे.