जीपचं ऑइल
आज दिवस बाबांच्या जुन्या डिझेल जीपखाली गेला. चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टांवर ऑइल दिसतं म्हणून सगळे चेंबरचंच पॅकिंग बदला म्हणत होते. पण ऑइल वरून ओघळतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं. इंजिन धुऊन वाळवलं, टाल्कम पावडर मारली, गाडी फिरवून आणली. पहिला ओला ओघळ थेट टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाखाली! आणि इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी चिकट मळीने बुजलेली. आतल्या दाबाला वाट नसेल तर नवं पॅकिंगही ऑइल सोडणारच. नळी साफ केली, पॅकिंग बदललं, बोल्ट बेताने आवळले. पत्र्याचं कव्हर जास्त आवळलं की वाकतं. फार समाधान वाटलं. मागचा क्रँक सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारं कडं) किंचित पाझरतोय, पण त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ते दिवाळीनंतर.