सिएटलची हिवाळी भाजी जुलैत पेरायची

मे महिन्यात बाग सुरू करायची आणि सप्टेंबरात आवरून टाकायची, या क्रमाने सिएटलमध्ये वर्षातली निम्मी भाजी हातची जाते. प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याच्या काठावर, म्हणजे इथे, हिवाळा ओला असतो, पण कडक नसतो. जानेवारीतही रात्रीचं तापमान सरासरीने ३ अंशांच्या आसपास राहतं आणि जमीन फार खोल गोठत नाही. कोबी, केल, लीक, गाजर या भाज्या वाफ्यातच महिनोन्‌महिने ताज्या राहतात. अडचण थंडीची नसून उजेडाची आहे.

सिएटल ४७.६ उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिवस दहा तासांपेक्षा लहान असतो, डिसेंबरात तर जेमतेम साडेआठ तासांचा. या काळात रोप जिवंत राहतं, पण वाढत जवळजवळ नाही. म्हणून ऑक्टोबर संपेपर्यंत ते पूर्ण आकाराला आलेलं हवं. बियांच्या पाकिटावर ६० दिवस लिहिले असतील तर उतरत्या उन्हासाठी आणखी १५ दिवस धरावेत आणि तिथून उलटं मोजावं.

हिशोब असा बसतो. हिवाळी कोबी आणि जांभळी स्प्राउटिंग ब्रोकोली जूनच्या मध्यापासून, कोबी जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ब्रोकोली फार तर मध्यापर्यंत. गाजरही जुलैच्या मध्यापर्यंत. केलला ऑगस्टचा पहिला आठवडा चालतो. पालक ऑगस्टच्या उत्तरार्धात, कोथिंबीर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. मेथी १५ ऑगस्टच्या पुढे ढकलू नये, कारण ऑक्टोबरच्या सततच्या ओलीत तिची पानं सडतात.

खरी परीक्षा उगवणीची. कोकणात पेरणीच्या वेळी पाऊस असतो, इथे नेमका उलटा प्रकार. जुलै-ऑगस्ट कोरडे, दोन्ही महिन्यांचा मिळून पाऊस ५० मिलिमीटरही भरत नाही. वरचा एक सेंटिमीटर थर दुपारपर्यंत वाळला की मोड आलेलं बी तिथेच मरतं, आणि आपल्याला वाटतं बी जुनं होतं. गाजराच्या ओळीवर पाणी देऊन गोणपाट किंवा लाकडी फळी ठेवावी. पाचव्या दिवसापासून रोज उचलून पाहावं आणि पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी काढून टाकावी. एक दिवस उशीर झाला तर कोंब पिवळे पडून लांबतात. गाजरमाशीसाठी उगवणीपासूनच ओळीवर बारीक जाळी हवी, कडा मातीत दाबलेल्या. पालकाला गरम माती चालत नाही. २५ अंशांवर उगवण घसरते, म्हणून वाफ्यावर सावली करावी.

इथल्या पावसाने माती धुऊन आम्ल झालेली असते आणि तिच्यात कॅल्शियम कमी असतो. माती तपासून घेणं उत्तम. तपासणी नसेल आणि गेल्या दोन-तीन वर्षांत चुना घातला नसेल, तर चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम बागेचा चुना मिसळावा. बटाट्याच्या वाफ्यात मात्र नको, सालीवर खवले येतात. ब्लूबेरीला तर आम्ल मातीच हवी. कोबीची रोपं दुपारी माना टाकून रात्री सावरत असतील तर एक उपटून पाहावं. मुळं गाठीगाठींनी सुजलेली दिसली तर तो क्लबरूट हा मुळांचा रोग. त्याचे बीजाणू मातीत अनेक वर्षं टिकतात. चुन्याने मातीचा सामू (pH) ७.२ पर्यंत नेला की तो आटोक्यात राहतो, नाहीसा होत नाही. अनोळखी मातीतली आयती रोपं आणणं हे तो बागेत शिरण्याचं नेहमीचं कारण आहे, म्हणून कोबीवर्गीय रोपं घरीच करावीत, हे माझं ठाम मत.

सप्टेंबरनंतर नत्र देऊ नये. कोवळी, पाणीदार वाढ पहिल्या कडाक्यात काळी पडते. एरवी थंडी केलच्या फायद्याची: गारठ्यात ते पानांत साखर साठवतं, म्हणून डिसेंबरचं केल सप्टेंबरच्यापेक्षा गोड लागतं. पाऊस सुरू झाला की बिनशंखाच्या गोगलगायी येतात. वाफ्याजवळ ओली फळी पालथी ठेवून सकाळी तिच्याखालच्या वेचाव्यात, शिवाय आयर्न फॉस्फेटचे दाणे विरळ टाकावेत. ओल्या मातीत पाय मात्र घालू नये. वाफसा नसताना, म्हणजे जादा पाणी निथळलेलं नसताना, तुडवलेली जमीन वसंतात ढेकळांची होते.

जादा कोबीचं नोव्हेंबरात साउरक्राउट, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, घालावं. बारीक चिरलेल्या १ किलो कोबीला २० ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ. चमच्याने मोजू नये. जाड आणि बारीक मिठाचं वजन चमच्यात सारखं भरत नाही. पाणी सुटेपर्यंत १० मिनिटं चुरावं, बरणीत दाबून भरावं आणि वर वजन ठेवून कोबी त्याच्याच पाण्याखाली बुडालेला राहील असं पाहावं. १८ ते २० अंशांत तीन-चार आठवडे लागतात. २४ अंशांच्या वर लवकर आंबतं, पण मऊ पडतं. मीठ कमी पडलं तरी तेच होतं. वर आलेला पांढरा, सपाट पापुद्रा यीस्टचा, तो काढून टाकावा. केसाळ, हिरवी-काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेकावी. लोणच्यासारखी वर तेलाची फोडणी ओतण्याचा मोह टाळावा; ती खायला घेताना वाटीत द्यावी.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रोपं पुन्हा हलू लागतात. तेव्हा ब्रोकोलीला थोडं नत्र द्यावं, मार्च-एप्रिलमध्ये जांभळे तुरे येतात. मधला तुरा आधी कापला की बाजूचे फुटत राहतात. थंडीत जमिनीलगत बसून राहिलेली कोथिंबीरही याच सुमारास उभारी धरते. दिवस मोठे झाले की ती फुलावर जाते, म्हणून बाहेरची पानं आधीपासून खुडत राहावीत आणि दोन-चार रोपं बियांसाठी सोडावीत. तेच धणे ऑगस्टमध्ये पेरायला येतात.