सिंगल की डबल? बातमीपत्राची यादी करताना

आमच्या संस्थेचं ईमेल बातमीपत्र सुरू करायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मजकूर कोण लिहिणार, कधी पाठवायचा, हे पटापट ठरलं. घोडं अडलं ते वाचकांची नावं यादीत घ्यायची कशी, इथे.

मेल पाठवण्याच्या बहुतेक सेवांमध्ये दोन पर्याय असतात. सिंगल ऑप्ट-इनमध्ये फॉर्मात पत्ता टाकला की माणूस यादीत आला. डबलमध्ये आधी त्या पत्त्यावर एक मेल जातो आणि त्यातल्या लिंकवर क्लिक केलं तरच नाव पक्कं होतं. एवढ्यावरून आमच्यात सरळ दोन तट पडले. एक सहकारी म्हणाला, आपण होऊन आलेल्या माणसाची परत परीक्षा कशाला? कन्फर्मेशनचा मेल स्पॅममध्ये गेला किंवा प्रमोशन्सच्या टॅबमध्ये पडून राहिला, की तो वाचक हातचा गेला. यात तथ्य होतंच. 2017 मध्ये मेलचिंप या मेल पाठवण्याच्या सेवेने सिंगल हा डीफॉल्ट केला तो याच कारणाने, की बरेच लोक दुसरी पायरी गाठतच नाहीत. युरोपातल्या ग्राहकांसाठी मात्र त्यांनी डबल कायम ठेवलं.

मीही सिंगलकडेच झुकले होते. मत फिरलं ते ऑगस्ट 2016 ची हकिगत वाचल्यावर. तेव्हा बॉट्सनी, म्हणजे आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रामनी, असंख्य साइन-अप फॉर्ममध्ये दुसऱ्यांचे पत्ते भरले होते, त्यात सरकारी पत्तेही होते. ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं त्यांचे इनबॉक्स बातमीपत्रांनी तुंबले. स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेने बोट ठेवलं ते पडताळणी न करणाऱ्या याद्यांवर. अर्थात डबलमध्येही त्या बिचाऱ्याला प्रत्येक फॉर्ममागे एक कन्फर्मेशन मेल जातोच, म्हणून आम्ही फॉर्मात माणसाला न दिसणारा एक रकानाही ठेवला. तो भरलेला आला की समजायचं, हा बॉट आहे.

दुसरं कारण जीमेलचं. फेब्रुवारी 2024 पासून, दिवसाला 5,000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांनी स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवाव्यात, शक्यतो 0.1 टक्क्याच्याही खाली, असा त्यांचा नियम आहे. आम्ही त्या 5,000 च्या आसपासही नाही. पण आकडा बघा: हजार मेलांमागे तीन जणांनी वैतागून ‘स्पॅम’ दाबलं की पोचलोच तिथे. आणि न विचारता यादीत आलेला माणूस अनसबस्क्राइबची लिंक शोधत बसत नाही.

तरी सरसकट डबल केलं नाही. आमच्याकडे नावं येण्याच्या वाटा तीन: वेबसाइटवरचा फॉर्म, कार्यक्रमांत फिरवलेला कागद आणि सभासदांचं लॉगिन. सभासदाचा पत्ता खातं उघडतानाच तपासलेला असतो, त्याला पुन्हा तपासणं म्हणजे निव्वळ छळ. तिथे सिंगल. फक्त ‘बातमीपत्र हवं’ ही चौकट रिकामी ठेवायची, टिक ज्याची त्याने करायची. आधीच टिक करून ठेवू, असा आग्रह झाला होता. पण आमचे काही वाचक युरोपात आहेत, आणि आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याच्या प्रास्ताविकात स्वच्छ लिहिलं आहे. शिवाय संमती मिळाल्याचा पुरावा पाठवणाऱ्याने दाखवायचा असतो. त्या कायद्यात डबलची सक्ती नाही, पण क्लिकची तारीख-वेळ नोंदलेली असली की पुरावा आयता मिळतो.

कागदाबद्दल वादच नव्हता. घाईत लिहिलेला ‘यू’ की ‘व्ही’, ‘1’ हा आकडा की ‘एल’, हे कोणी सांगावं? एखादं अक्षर चुकलं तर मेल भलत्याच माणसाला जातो, नाही तर बाउन्स होतो, म्हणजे न पोचता परत येतो. चुकीच्या स्पेलिंगचे काही डोमेन (पत्त्यातला @ च्या पुढचा भाग) तर स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडायला मुद्दाम घेऊन ठेवलेले असतात. तिथे डबलच. वेबसाइटच्या फॉर्मलाही डबल.

खरी मेहनत लागली ती कन्फर्मेशन मेलवर. सेवेने दिलेल्या तयार नमुन्यात लोगो, सोशल मीडियाची चिन्हं, तळाला चार लिंका. नेमकं कुठे दाबायचं ते शोधावं लागत होतं. सगळं काढून टाकलं. विषय ठेवला ‘बातमीपत्रासाठी नाव पक्कं करा’, आत दोन ओळी आणि एक बटण. फॉर्म भरल्यावर येणाऱ्या पानावर मेल कोणत्या पत्त्यावरून येईल तेही लिहिलं, म्हणजे स्पॅममध्ये शोधायचं तर काय शोधायचं ते कळतं.

चाचणीत एक गंमत दिसली. ऑफिसचे काही पत्ते मेल गेल्यागेल्याच पक्के होत होते. माणसाने मेल उघडण्याआधीच. काही कंपन्यांची सुरक्षा-प्रणाली मेलमधली प्रत्येक लिंक स्वतः उघडून तपासते, आणि आमच्या लेखी तेच क्लिक! वेबसाइट सांभाळणाऱ्या मैत्रिणीने उपाय केला: लिंक उघडली की एक साधं पान येतं, आणि त्यावरचं ‘हो, पाठवा’ हे बटण दाबलं तरच नाव लागतं. म्हणजे आणखी एक क्लिक वाढला. सिंगलवाल्या सहकाऱ्याने कपाळाला हात लावला.

त्याची एक मागणी मात्र मान्य झाली. क्लिक न केलेल्यांना आठवणीचा एक मेल जातो, एकच. त्यालाही प्रतिसाद नसेल तर पत्ता पुसून टाकतो. हे पुसणं त्याला अजून जड जातं. दर वेळी ‘अजून एक पाठवून बघू या का?’ असं विचारतोच.