दुसऱ्या मंगळवारनंतरची सकाळ

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचे सुरक्षा अपडेट देते आणि ते आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला येते. कार्यालयातले संगणक सांभाळणारा मी बुधवारी सकाळी ते आधी लेखा विभागातल्या दोनच संगणकांवर चढवतो, एक पावती छापून पाहतो आणि प्रिंटर नीट चालला की मगच बाकीच्यांकडे वळतो. ही सावधगिरी हवीच, पण ती दोन-चार दिवसांपुरती. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून जगभरच्या संगणकांमधील फाइली कुलूपबंद केल्या, तिची दुरुस्ती विंडोजच्या चालू आवृत्त्यांसाठी १४ मार्चलाच आली होती, याची मला आजही हळहळ वाटते. म्हणून ‘रीस्टार्ट नंतर करते’ म्हणणाऱ्या सहकारी बाईंना मी फाइल सेव्ह करायला सांगतो आणि संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत शेजारीच उभा राहतो.