तेल लागलेला क्लच वॉरंटीत बदलून घेताना

माझी गाडी पेट्रोल, सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (एकाऐवजी दोन क्लच), कोरड्या म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचची. ३८,००० किलोमीटर झालेले आणि एक्स्टेंडेड वॉरंटी चालू. तक्रार एकच होती. सिग्नल सुटल्यावर गाडी हलताना पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये सीटखालून थरथर यायची आणि वेग घेतला की थांबायची. सकाळी थंड गाडीत काहीच जाणवायचं नाही. कात्रजच्या चढावर वीस मिनिटं रांगेत सरकल्यावर मात्र दर वेळी.

वर्कशॉपला जाण्याआधी घरच्या घरी दोन गोष्टी तपासाव्यात. गाडी गरम असताना ब्रेक दाबून धरा आणि डी व आर आलटून पालटून लावा. उभ्या गाडीतच थरथर असेल तर आधी इंजिन माउंटिंग बघायला सांगा. माझी गाडी उभी असताना शांत होती. दुसरी तपासणी रिव्हर्सची. माझ्या गिअरबॉक्समध्ये एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. पहिल्या गिअरमध्ये थरथर आणि रिव्हर्समध्ये नाही, असं असेल तर संशय एका क्लचवर. मला दोन्हीकडे जाणवत होती. दोन्ही क्लच एकाच वेळी, एकाच पद्धतीने बिघडतात तेव्हा कारण बहुतेक सामाईक असतं: तेल, फ्लायव्हील (इंजिनची जड चकती, जिच्यामार्फत जोर क्लचकडे येतो) किंवा जास्तीची उष्णता.

वर्कशॉपच्या पहिल्या फेरीत स्कॅनर लावला, दोषाचा एकही कोड निघाला नाही. क्लचची बेसिक सेटिंग करून गाडी परत दिली. जेमतेम ३०० किलोमीटर ठीक चालली, मग थरथर परत. बेसिक सेटिंगमध्ये कंट्रोल युनिट क्लच नेमका कुठे पकडतो ते नव्याने शिकतं, म्हणून दोष थोडे दिवस झाकला जातो, जात नाही. आणि थरथरीचा कोड बऱ्याचदा पडतच नाही. ‘कोड नाही म्हणजे दोष नाही’ हे उत्तर मान्य करू नका.

माझी चूक झाली ती जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना वर्कशॉप तक्रार लिहितं त्या कागदावर. तिथे फक्त ‘जनरल चेकअप’ लिहिलं होतं. म्हणजे कागदोपत्री ही तक्रार झालीच नव्हती. वॉरंटीचा निर्णय घेणारा माणूस गाडी चालवत नाही, तो कार्ड वाचतो.

दुसऱ्या वेळी गाडी संध्याकाळी, ट्रॅफिकमधून, गरम करून नेली आणि इंजिन बंद न करता अॅडव्हायझरला शेजारी बसवून ट्रायल घेतली. मग कार्डवर सही करण्याआधी हे वाक्य लिहून घेतलं : ‘गाडी गरम असताना पहिल्या गिअरमध्ये व रिव्हर्समध्ये हलताना थरथर, ट्रायलवर जाणवली, बेसिक सेटिंगनंतर ३०० किमीत पुन्हा’. खाली आधीच्या कार्डचा नंबर. शिवाय गिअरबॉक्स उतरवायच्या आधी स्कॅनरच्या लाइव्ह डेटाचा प्रिंट मागितला. क्लच किती मिलिमीटर सरकल्यावर पकडतो ते आकडे त्यात असतात आणि त्यावरून क्लच किती झिजला हे कळतं. माझे आकडे मर्यादेच्या बरेच आत होते. हा एक कागद पुढे सगळ्यात उपयोगी पडला. क्लच खाली आल्यावर तो मिळवायची सोय राहत नाही.

क्लेम नाकारला तर उतरवण्याची मजुरी ग्राहकाची, अशी सही बहुतेक ठिकाणी घेतात. सही करायला हरकत नाही, पण रकमेचा आकडा लिहूनच.

गिअरबॉक्स खाली आला तेव्हा मी तिथे उभा होतो, तशी परवानगी आधीच मागून ठेवली होती. कोरड्या क्लचच्या बेल हाउसिंगमध्ये (क्लच ज्यात बसतो त्या कवचात) करडी, सुकी धूळ असते, ती नेहमीची. इथे मधल्या शाफ्टपासून (दांड्यापासून) कडेकडे गेलेले काळपट, चिकट ओघळ होते. फिरत्या क्लचने तेल बाहेर फेकलं की असेच पट्टे उमटतात. आता प्रश्न हा की तेल कुठलं. इंजिनच्या मागच्या सीलमधून (तेल अडवणाऱ्या कड्यातून) आलं तर इंजिन ऑइल, गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून आलं तर गिअर ऑइल. बोटावर घेऊन वास घेतला की कळतं, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. तोच आला. इनपुट शाफ्टच्या सीलची ओठासारखी कड कडक होऊन एका जागी चिरली होती. ओघळ, चिरलेली कड आणि क्लच यांचे फोटो गाडीच्या नंबरासकट तिथेच काढले. काढलेले पार्ट वॉरंटीत कंपनीकडे जातात, नंतर हातात पुरावा उरत नाही.

पहिलं उत्तर अपेक्षित होतं : सील वॉरंटीत, क्लच झिजणारा पार्ट म्हणून तुमच्या खर्चाने. ड्युअल क्लचचा संच महाग असतो, त्यामुळे इथे दमानं घ्यावं लागतं. ईमेलमध्ये भांडण नको, मुद्दे हवेत. मी लिहिलं की वॉरंटी पुस्तिकेत झीज वगळली आहे आणि प्रिंटप्रमाणे क्लच झिजलेला नाही. तो सीलमधून आलेल्या तेलाने खराब झाला, सील वॉरंटीत आहे, मग त्या दोषाने झालेलं नुकसानही त्यातच धरावं. सोबत दोन्ही जॉब कार्डं, प्रिंट, फोटो आणि वेळेवर केलेल्या सगळ्या सर्व्हिसची बिलं. नाकारायचं असेल तर पुस्तिकेतल्या कलमासह लेखी द्यावं, ही शेवटची ओळ. नऊ दिवसांनी दोन्ही मंजूर झालं.

झालं नसतं तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

बसवतानाही नजर ठेवावी. फक्त क्लच बदलून सील जुनंच ठेवलं तर महिन्याभरात परत तेच. संचाबरोबरचे बेअरिंग नवे घालायचे, शिमची (फट भरणाऱ्या पातळ चकतीची) जाडी मोजून ठरवायची, जुनी अंदाजाने टाकायची नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे नाहीत हे बघायचं आणि बेल हाउसिंग आतून धुऊन कोरडं करायचं, नाहीतर उरलेलं तेल नव्या क्लचवर उडतं. एकदाच वापरायचे बोल्ट नवे हवेत. गिअर ऑइल ठरलेल्या ग्रेडचं आणि मोजून भरायचं, कारण या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. मग बेसिक सेटिंग आणि कंट्रोल युनिटला नवा क्लच शिकवण्याची ट्रायल. चाकांना धरणारे खालचे आर्म सोडले असतील तर चाकांचं अलाइनमेंटही.

शून्य रकमेचं बिल घ्या, पार्ट नंबरांसकट. बदललेल्या पार्टची वॉरंटी कधीपर्यंत, तेही त्यावर लिहून घ्या.

आता बोरघाटात गाडी अडकली की अॅक्सिलरेटरवर चढ धरत नाही, ब्रेक दाबतो. पुढे एका गाडीची जागा मोकळी होऊ देतो आणि मग एकदाच पुढे जातो, कारण इंच इंच सरकताना क्लच घसरत राहतो आणि तापतो. १,००० किलोमीटरनंतर गाडी लिफ्टवर घेऊन बेल हाउसिंगच्या खालच्या सांध्यावर पांढरा कागद दाबून बघितला. कागद कोरडा निघाला.