सारियापासून का नाही चाललात?

आगाशीत रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात कुणी ना कुणी विचारतंच, "टीचर, सान्तियागोच्या पायी यात्रेत शेवटचे शंभर किलोमीटर चाललं तरी सर्टिफिकेट मिळतं म्हणे. मग तुम्ही जवळजवळ 780 किलोमीटर का चाललात?" विचारणाऱ्यांतले बरेच जण स्वतः जायचं म्हणताहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. स्पेनमध्ये सान्तियागो दे कोम्पोस्तेला इथे संत याकोबाची, म्हणजे आपल्या चर्चच्या संत जेम्सची, कबर आहे अशी शेकडो वर्षांची श्रद्धा आहे. किमान शेवटचे 100 किलोमीटर पायी गेलात आणि यात्रेकरूच्या पासपोर्टवर वाटेतले शिक्के घेतलेत, की लॅटिनमधलं प्रमाणपत्र हातात पडतं. सारिया हे गाव तिथून साधारण 115 किलोमीटरवर आहे, म्हणून टूरवाले तिथून सुरुवात करतात. मी फ्रान्सच्या बाजूने, सेंट जाँ पिए द पोरहून निघाले. 34 दिवस लागले.

पिरेनीज पर्वताच्या चढाची सगळ्यांनाच धास्ती असते. तो पहिल्या दिवसाचा चढ दमवतो, पण एका दिवसात मागे पडतो. मला सांगायचंय ते पुढच्या मेसेता नावाच्या पठाराबद्दल.

निघताना शेजारपाजारच्यांनी प्रार्थनेसाठी चिठ्ठ्या दिल्या होत्या. एकेचाळीस चिठ्ठ्या, कापडी बटव्यात घालून गळ्यात बांधलेल्या. पहिले दहा-बारा दिवस मी त्या रोज वाचायचे, पण खरं सांगते, लक्ष टाचेच्या फोडाकडे असायचं. आज अल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, पलंग मिळेल का? कपडे वाळतील का? तोंडात प्रार्थना आणि डोक्यात मोजे.

मग बुर्गोस आलं. बुर्गोस ते लेऑन हे उंचावरचं सपाट पठार, तीच मेसेता. पुष्कळ जण हा पट्टा बसने ओलांडतात, कारण बघण्यासारखं काही नाही म्हणतात. मी सप्टेंबरात गेले. गव्हाची कापणी होऊन नुसती खुंटं उरलेली, सूर्यफुलं काळी पडून माना खाली घालून उभी. कारिओन दे लोस कोंदेस सोडलं की 17 किलोमीटर एकही गाव लागत नाही. सरळ पांढरी वाट, बुटाखाली खडी करकरत असते, बस्स.

त्या सकाळी मी एकच चिठ्ठी काढली. कुणाची ते सांगत नाही. पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं, "मुलाचा फोन येऊ दे." तो मुलगा चौथीत माझ्या वर्गात होता. फोड केव्हाच सुकले होते, पाय आपोआप पडत होते. त्या 17 किलोमीटरांत मला त्याचं अक्षर आठवलं, डब्यातली भाकरी आठवली, एकदा मी त्याला सगळ्यांसमोर रागावले होते तेही आठवलं. त्याच्यासाठी प्रार्थना करता करता मी माझ्यासाठीही क्षमा मागितली. गाव दिसलं तेव्हा दुपार झाली होती आणि चिठ्ठी घामाने मऊ झाली होती.

त्यानंतर रोज दोन-तीन चिठ्ठ्या, सावकाश. माझं मन शांत व्हायला दोन आठवडे लागले. सारियापासून निघाले असते, तर मन थाऱ्यावर यायच्या आत सान्तियागो आलं असतं.

पुढे क्रूझ दे फेरोच्या लोखंडी क्रुसापाशी यात्रेकरूंच्या रिवाजाप्रमाणे घरच्या विहिरीजवळचा खडा ठेवला. ओ सेब्रेइरोला एलियास व्हालिन्या या फादरांच्या पुतळ्यापुढे थांबले. 1980च्या दशकात त्यांनी पिवळ्या रंगाने वाटेवर बाण काढले म्हणून आज माझ्यासारखी परकी बाईसुद्धा चुकत नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. सान्तियागोत वेदीमागच्या पायऱ्या चढून संताच्या मूर्तीला मागून मिठी मारतात. मी बटव्यासकट मारली.

सारियापासून चालणाऱ्यांची श्रद्धा कमी, असं मुळीच म्हणत नाही. रजा आठवडाभराचीच असेल, गुडघे कुरकुरत असतील, तर तिथूनच निघा, शेवटच्या टप्प्यात दिवसाला दोन शिक्के घ्यायला विसरू नका. पण महिना-सव्वा महिना हाताशी असेल तर पूर्ण चाला. आणि बुर्गोसला कुणी म्हणालं, "पुढे काही नाही, बसने जाऊ," तर त्या बसमध्ये चढू नका.